पिवळ्या रेनकोटची बाई

किलियन श्टादलरने आयुष्यात तीन अल्बम काढले आणि तिन्ही अल्बमांत त्याला एकच बाई सोडून गेली. प्रत्यक्षात ती एकदाच गेली होती. पण किलियन काटकसरीच्या घरात वाढलेला, त्याने ते दुःख वाया जाऊ दिलं नाही.

हाझलिंग ह्या जर्मन खेड्यातल्या निम्म्या घरांची छपरं श्टादलरांनी बांधलेली. आजा सुतार, बाप लॉरेंझ सुतार, थोरली बहीण आग्नेस तर बापापेक्षा कांकणभर सरस. ह्या घरात किलियनला गिटारचं वेड लागलं, तेव्हा बापाने मुळीच आदळआपट केली नाही. "आधी सुतारकीची परीक्षा पास हो," एवढंच तो म्हणाला, "मग हवं तिथे रडत फिर." किलियन आज्ञाधारक. त्याने दोन्ही केलं.

फेली ही दूधडेअरीवाल्यांची मुलगी. दोघं काही वर्षं एकत्र हिंडली, तळ्यावर पोहली, एकमेकांच्या घरी रविवारचं डुकराचं भाजलेलं मटण जेवली. सगळं छान होतं. फेलीची तक्रार एकच होती. "मी बोलते ते तू ऐकत नाहीस," ती म्हणायची, "ते गाण्यात बसतंय का, ते बघतोस." आरोप खोटा नव्हता. तिची आजी वारली, त्या दिवशी दफनभूमीच्या फाटकाशी ती रडत रडत काहीतरी बोलली. किलियनने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि फार हळुवारपणे विचारलं, "ते मघाचं वाक्य पुन्हा म्हणशील?"

त्यानंतरच्या जूनमध्ये ती त्याला सोडून गेली. किलियन गेला लाइपझिगला. तिथे चार बिऱ्हाडकरूंच्या सामाईक स्वयंपाकघरात बसून त्याने 'पिवळा रेनकोट' लिहिलं. पावसाळी संध्याकाळ, पिवळ्या रेनकोटातली मुलगी, सुटणारी गाडी आणि मागे राहिलेला मुलगा, असं ते गाणं. त्यापुढची सगळी गाणी म्हणजे त्याच मुलीच्या जाण्याच्या वेगवेगळ्या वेळा.

बर्लिनच्या एका वर्तमानपत्राने छापलं, की ह्या गायकाच्या आवाजात नुकत्याच बंद केलेल्या हीटरची ऊब आहे. लॉरेंझने ते कात्रण चष्मा लावून दोनदा वाचलं आणि आग्नेसला विचारलं, "म्हणजे चांगलं म्हणतायत की वाईट?" हाझलिंगचं दुखणं वेगळंच होतं. घरी माणसासारखं बोलणारा आपला पोरगा गाताना मात्र टीव्हीवर बातम्या दिल्यासारखी पुस्तकी जर्मन का बोलतो, हे तिथे कुणालाच कळत नव्हतं.

किलियन गायचा मुख्यतः लोकांच्या दिवाणखान्यांत. कुणी निवृत्त मास्तर किंवा डोळ्यांची डॉक्टरीण आपल्या घरी ओळखीपाळखीच्यांना बोलवायची, खुर्च्या शेजारून आणायची, आणि किलियन बटाट्याच्या सॅलडच्या वाडग्याशेजारी स्टूल घेऊन बसायचा. डोळे मिटून गायचा. डोळे उघडले की समोरचे लोक दिसतात आणि मग दुःख होत नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकणारे इतके निमूट बसत की फ्रिज घरघरायला लागला तर यजमानीण लाजेने लाल व्हायची.

हे असंच चालू राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एका छत्र्यांच्या कंपनीला 'पिवळा रेनकोट' आवडलं आणि त्यांनी ते जाहिरातीत घातलं. टीव्हीवर रोज सातच्या बातम्यांआधी किलियन वीस सेकंद रडायला लागला. हाझलिंगने कान टवकारले. ही रेनकोटातली बाई कोण, हे शोधायला कुणा शेरलॉकची गरज नव्हती, कारण किलियनच्या नशिबात बाई एकच येऊन गेली होती.

फेली तोवर गावच्याच शाळेत तिसरीची बाई झाली होती. त्या दिवसापासून तिची जी फरपट सुरू झाली ती थांबेचना. मुलांना 'माझ्या बाई' असं चित्र काढायला सांगितलं, की तीस पोरं तिला पिवळं रंगवायची. आभाळ भरून आलं की बेकरीवाली त्रौडल पाव बांधता बांधता म्हणायची, "आज रेनकोट विसरलीस का ग? आणि एवढ्या चांगल्या मुलाला असं भर पावसात टाकून जायचं म्हणजे..." फेलीने क्विरिनशी लग्न केलं, तेव्हा अहेरात तीन पिवळे रेनकोट आले. क्विरिन जनावरांचा डॉक्टर, पलीकडच्या खोऱ्यातला. त्याला बँडबाजापलीकडचं संगीत कळत नसे. त्याने तिन्ही रेनकोट गोठ्यात वापरून संपवले.

इकडे किलियनचे अल्बम काढणारी कंपनी, म्हणजे दोन मित्र आणि एक मांजर, बंद पडली. लॉरेंझचे गुडघेही गेले. आग्नेसने फोन केला. "किली, हिवाळ्यात खुशाल रडत फिर. उन्हाळ्यात मला छपरावर माणूस हवाय." आणि किलियन परत आला.

बापाच्या धंद्याबरोबर बापाचं आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं. नव्या घराचं आढं चढलं, वर रिबिनी बांधलेलं सुरूचं झाड ठोकलं, की सुताराने काळी टोपी घालून आढ्यापाशी उभं राहायचं आणि घराला, घरच्यांना पद्यात आशीर्वाद द्यायचा. तो दिल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. आग्नेसने साफ सांगितलं होतं, "मी छपरं बांधते. छपरांबद्दल बोलत नाही." मग किलियन बोलायला लागला, तेही गावच्या बोलीत, डोळे उघडे ठेवून, कारण छपरावर डोळे मिटले तर माणूस खाली येतो. आणि काय सांगावं, तो झकास बोलायचा. घरमालकाचा आडमुठेपणा, मालकिणीची मांजरं, सगळं त्यात यायचं. लोक पोट धरून हसायचे, म्हाताऱ्या पदर नसल्यामुळे ॲप्रनने डोळे पुसायच्या. ही त्याची सगळ्यांत चांगली रचना, असं अख्ख्या गावाचं मत होतं. त्याच्या तोंडावर म्हणायची मात्र कुणाची हिंमत नव्हती, कारण तो स्वतःला कलावंत समजत असे.

एप्रिलमध्ये फेली श्टादलरांच्या सुतारकामाच्या कारखान्यात आली. करवत बंद होईपर्यंत दारात उभी राहिली.

"आम्ही शाळेमागच्या उतारावर घर बांधतोय," ती म्हणाली. "छप्पर तुमच्याकडेच. क्विरिन म्हणतो, आग्नेससारखं काम कुणाचं नाही."

"खरंय त्याचं," आग्नेस म्हणाली आणि तिथून हलली नाही. असल्या वेळी हलणारी ती नव्हे.

"म्हणजे आशीर्वाद तू देणार," फेली किलियनला म्हणाली.

"हवं तर मी आजारी पडतो."

"नको. तू आजारी पडलास तर गाव म्हणेल, बघा, अजून दुखतंय. तू वर चढ आणि सरळ आशीर्वाद दे. माझ्याबद्दल एक अवाक्षर नको. लोक घरी जाताना आमच्या घराबद्दल बोलत गेले पाहिजेत. मला ह्या गावात म्हातारी व्हायचंय, किली. तुझ्या गाण्यातली बाई म्हणून नाही."

किलियनने शब्द दिला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्या गाण्यातली बाई रोज बेकरीत पाव आणायला जाते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शब्द देणं सोपं होतं. आशीर्वाद लिहायला बसला की दुसऱ्या ओळीत पाऊस यायचा. खिडक्यांवर लिहावं तर खिडकीत कुणीतरी वाट बघत उभं राहायचं. आग्नेसने एक मसुदा वाचला. "ह्यात स्वयंपाकघरसुद्धा निरोप घेतंय," ती म्हणाली. "त्यांना तिथे राहायचंय रे."

शेवटी जूनमध्ये, आढं चढवायच्या आदल्या दिवशी, किलियन जागेवरच गेला. कामही होतं. आढं खाली तयार पडलेलं असताना कुणी ते पळवलं, तर घरमालकाने बिअर आणि जेवण देऊन सोडवायचं, अशी इथली रीत. आणि ज्याच्या पहाऱ्यात ते पळवलं गेलं त्या सुताराला म्हातारा होईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आग्नेसने त्याला राखणीला बसवलं. तो लाकडाच्या थप्पीवर टेकला, गिटार घेतली आणि नव्या जागी, मोकळ्या हवेत, त्याला एकदम सुचायला लागलं. चुलीची जागा सुचली, क्विरिनचे शेणाने भरलेले बूट सुचले. ह्यात कुठेही कुणी सोडून जात नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की सवयीने त्याचे डोळे मिटले.

गिर्गल हा अग्निशामक दलाचा नायक. तो आणि त्याचे गडी कुंपणाआड तासभर दबा धरून होते. त्यांनी आढं खांद्यावर घेतलं आणि किलियनच्या समोरून, हाताच्या अंतरावरून, दबक्या पावलांनी घेऊन गेले. मागच्या गड्याला गाणं आवडलं म्हणून तो दोन क्षण थांबलासुद्धा, असं नंतर गिर्गल शपथेवर सांगायचा. किलियनने डोळे उघडले तेव्हा चर्चची संध्याकाळची घंटा होत होती आणि समोर नुसतं दबलेलं गवत होतं.

आग्नेस आली. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि ते फार वाईट होतं.

सोडवणूक ठरवायला क्विरिन गिर्गलकडे एकटाच गेला. परत आला तो खुशीत. "स्वस्तात सुटलो," तो म्हणाला. "बिअर, भाजलेलं मटण, आणि किलियनने जेवणाआधी ते रेनकोटचं गाणं म्हणायचं."

फेलीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. हात मिळवला."

हात मिळवला म्हणजे विषय संपला. इथे वकिलाच्या कागदातून माणूस सुटेल, मिळवलेल्या हातातून सुटत नाही. फेलीने आधी नवऱ्याकडे आणि मग तिथेच मान खाली घालून उभ्या असलेल्या किलियनकडे बघितलं. "गा," ती म्हणाली. "पण मी पहिल्या बाकावर बसणार आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या उतारावर जत्रा लोटली. किलियनच्या कुठल्याच कार्यक्रमाला इतकी माणसं आली नव्हती. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टरवर बसून लोक आले. त्रौडलने बेकरी बंद केली, जी तिने नवऱ्याच्या मयतालाही केली नव्हती.

आढं फुलांनी सजवून परत आलं आणि वर चढलं. परांचीवर क्विरिन किलियनजवळ येऊन उभा राहिला. त्याने खाली जमलेल्या गर्दीकडे बघितलं.

"तुला राग आलाय माझा?" त्याने विचारलं.

"तू मुद्दाम हो म्हणालास?"

"कसं असतं," क्विरिन म्हणाला, "गायीचं पोट फुगतं ना, तेव्हा मालक चोळत बसतो, तेल पाजतो. काही होत नाही. सरळ सुई खुपसून हवा सोडावी लागते. घाण वास सुटतो. पण गाय जगते." आणि तो शिडी उतरून खाली गेला.

किलियनने टोपी घातली आणि आशीर्वाद दिला. चूल आली, बूट आले, जी तिसरी पायरी रात्री करकरणार आहे आणि जिच्याबद्दल आग्नेसला विचारायचं नाही, ती पायरीही आली. बाईबद्दल एक अवाक्षर नव्हतं. रिवाजाप्रमाणे पेला रिकामा करून त्याने शकुनासाठी खाली भिरकावला, तो विटांवर फुटून चांगला चक्काचूर झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या भरपूर होत्या, पण घाईच्या होत्या. सगळे दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते.

"आता ते," गिर्गल ओरडला.

किलियन खाली येऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. आग्नेसने गिटार आणून दिली. पहिल्या बाकावर फेली हात बांधून बसली होती, वर्गात बसते तशी. त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"जूनची संध्याकाळ होती, पाऊस थांबत नव्हता..."

"पाऊस नव्हता," फेली म्हणाली.

किलियनने डोळे उघडले.

"पाऊस नव्हता," ती शांतपणे पुन्हा म्हणाली. "गवत कापणीचा आठवडा होता. कडक ऊन. आणि संध्याकाळ नाही, सकाळी दहा. पुढे."

गर्दीत कुठेतरी कुणीतरी फुसकन हसलं. किलियनने पुढची ओळ ओढली. "अंगात तुझ्या तो पिवळा रेनकोट..."

"हिरवा. अंगात नाही, सायकलच्या मागे बांधलेला. ऊन होतं म्हणून सांगितलं ना."

आता लोक उघड हसायला लागले. गिर्गलने मांडीवर थाप मारली. किलियनचे कान तापले, पण गाणं मधेच सोडता येत नव्हतं, हात मिळवलेला होता.

"डोळ्यांत तुझ्या दाटून आलं सारं..."

"गवताची ॲलर्जी. दर जूनला येते."

"अजून येते," क्विरिनने मागून दुजोरा दिला. "शिंकून शिंकून घर डोक्यावर घेते."

"फलाटावर शेवटची गाडी हलली..."

ह्यावर फेलीला बोलावंच लागलं नाही. "अरे, हाझलिंगला स्टेशन कुठंय?" त्रौडल ओरडली, आणि बाकांवरून जो हशा उठला त्यात दोन म्हाताऱ्यांना ठसका लागला. स्वतः किलियनलाही हसू यायला लागलं. त्याने हे गाणं शेकडो दिवाणखान्यांत म्हटलं होतं, आणि आपल्या गावाला स्टेशन नाही, हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं.

"सायकल चालीत बसत नव्हती," तो म्हणाला.

"म्हणून मला आगगाडीत बसवलंस?"

"मग माझी पत्रं तू जाळलीस," त्याने आता डोळे उघडे ठेवूनच, जवळजवळ मजेत पुढची ओळ म्हटली.

"मला पत्र आलंच नाही. लाइपझिगहून एक कार्ड आलं. त्यात तू तुझा रंधा परत मागितला होतास."

"तो रंधा माझा होता," आग्नेस म्हणाली.

आता कुणाला काही धरबंध राहिला नाही. लोक एकमेकांच्या खांद्यांवर डोकं टेकून हसत होते. फेलीसुद्धा हसत होती, आणि किलियनने तिला इतकं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, हे गाणं असंच असायला हवं होतं. मग शेवटची ओळ आली. तीही त्याने तशीच, हसतच म्हटली.

"तीनदा मी हाक मारली, तू वळूनही नाही पाहिलंस."

तो दुरुस्तीची वाट बघत थांबला. लोकही थांबले, हसायच्या तयारीत. फेलीने हातांची घडी सोडली.

"तू हाक मारलीच नव्हतीस," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही.

"मी कालव्याच्या पुलापर्यंत सायकल हातात धरून चालत गेले. चढ नव्हता. सायकल नीट होती. मी बसलेच नाही, हळू चालले. पुलावर थोडी थांबले. मग गेले."

किलियनला तो रस्ता दिसला. कारखान्याच्या दारातून पुलापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो, आधीपासूनच दिसायचा. तो त्या दारात उभा होता. आपण हाक मारली, हे त्याला इतक्या वर्षांत इतकं पक्कं ठाऊक झालं होतं की आत्ता तो खरोखर आठवायला लागला, आणि त्याला आठवलं ते एवढंच की पुलावर थांबलेल्या मुलीसाठी तो मनात एक ओळ जुळवत होता. चांगली ओळ होती. ती पुढे दुसऱ्या अल्बमात आली.

त्याने गिटारवर हात ठेवला आणि शेवटची ओळ पुन्हा म्हटली, त्याच चालीवर, पण गावच्या बोलीत. "मी हाक मारली नाही." एवढीच. त्याचा आवाज फाटला आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

"आता बरोबर आहे," फेली म्हणाली. तिने नाक पुसलं. जून होता, तेव्हा ॲलर्जी असणार. मग ती उठली. "चला, मटण गार होतंय."

लोक जेवले, प्याले, आग्नेस गिर्गलबरोबर नाचली आणि दोघांनीही ते नंतर नाकबूल केलं. सोमवारी फेली बेकरीत गेली, तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. त्रौडलने तिला दोन पाव बांधून दिले आणि विचारलं, "कौलं लाल घालणार की करडी?" फेली म्हणाली, "लाल." त्यावर दोघी बराच वेळ कौलांबद्दलच बोलत राहिल्या.

फेली बाहेर पडली आणि किलियन आत आला. त्रौडलने त्याच्याकडे बघितलं, मग दारातून, सायकलवर बसून उतार उतरणाऱ्या फेलीकडे बघितलं. काउंटरवर दोन्ही हात टेकून ती पुढे झुकली.

"मला एवढंच सांग, पोरा," ती म्हणाली. "एक हाक मारायला तुझं काय जात होतं?"

किलियनने पावाचे पैसे मोजून ठेवले. पुढे खानावळीत गिर्गलने तेच विचारलं, चर्चच्या पायऱ्यांवर तेच झालं, तिसरीतल्या एका पोरीने तर वर्गाच्या खिडकीतून ओरडून विचारलं. तेव्हापासून हाझलिंगमध्ये हे असंच आहे. फेलीला लोक कौलांबद्दल विचारतात आणि किलियनला हे विचारतात, आणि तो पाव घेतो, मान खाली घालतो आणि निघून जातो.